हिशेब सर्वांसमोर : प्रयास ऊर्जा गट आणि वीजनियोजनाची मॉडेल्स

पुण्यातली ‘प्रयास’ ही संस्था १९९४ साली सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदली गेली. आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणारे डॉक्टर आणि वीजक्षेत्राचा अभ्यास करणारे तरुण अभियंते अशी दोन वेगळ्या वाटांची माणसे या एका संस्थेत आली. ऊर्जा गटाचे काम गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी उभे केले. या गटाने दरनिश्चिती, वीज कायदा, कृषिपंप, ग्राहक हक्क अशा अनेक विषयांत काम केले आहे. त्या सगळ्याची नोंद या लेखात करणार नाही. वीज कुठून, किती आणि काय भावाने घ्यायची याचा हिशेब आणि तो हिशेब करण्याची साधने, एवढाच भाग इथे सांगायचा आहे. माझ्या मते संस्थेचे खरे वेगळेपण याच भागात आहे.

आधी हा हिशेब कशाचा ते पाहू. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अलीकडेपर्यंत जवळजवळ अशक्य होते. पाणी वर चढवून साठवणाऱ्या उदंचन प्रकल्पांसारखे थोडे अपवाद सोडले, तर ज्या घटकेला मागणी त्याच घटकेला निर्मिती, हा नियम. संध्याकाळी सात वाजता राज्यभर दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच एकदम सुरू होतात. त्या दोन-तीन तासांसाठी लागणारी क्षमता पहाटे तीनला रिकामी असते. आजपासून दहा-पंधरा वर्षांनी ही मागणी किती असेल, तिचा दिवसाचा आणि वर्षाचा आलेख कसा असेल, तो भागवण्यासाठी कोळसा, पाणी, वायू, अणुऊर्जा, वारा, ऊन यांपैकी कशाचे संच कोणत्या वर्षी बसवावेत की एकूण खर्च सर्वांत कमी येईल, हा वीजनियोजनाचा मूळ प्रश्न. संच बांधायला पाच-सात वर्षे लागतात आणि तो पंचवीस-तीस वर्षे चालतो. त्यामुळे इथली चूक लवकर दिसत नाही आणि दिसली की लवकर फिटत नाही.

हे गणित हाताने होणारे नव्हे. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत पिएर मासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात रेषीय प्रोग्रॅमिंगचे तंत्र वीज गुंतवणुकीला लावून दाखवले. १९६७ मध्ये बेल्जियमच्या बालेरिओ आणि सहकाऱ्यांनी, आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या बूथ यांनी, संच अचानक बंद पडण्याची शक्यता धरून वर्षभराचा खर्च काढण्याची रीत बसवली. याच पायावर ‘वास्प’ हा प्रोग्रॅम उभा राहिला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९७२-७३ मध्ये विकसनशील देशांतल्या अणुविजेच्या बाजारपेठेची पाहणी केली, तिच्यासाठी अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने तो तयार केला. संस्थेचे मुख्यालय व्हिएन्नात, म्हणून प्रोग्रॅमच्या नावात व्हिएन्ना आहे. नंतरच्या काळात अशा पॅकेजेसची संख्या वाढत गेली. बहुतेकांचे परवाने महाग होते आणि आतली रचना बंद होती. आपल्याकडे केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२९-३० सालासाठी निर्मितीक्षमतेचे किमान खर्चाचे मिश्रण काढले, तेव्हा ‘ऑर्डेना’ हे सॉफ्टवेअर वापरले. मोठ्या संस्थांना ते परवडते. पण त्या हिशेबावर आक्षेप घेणाऱ्या नागरिकाच्या हाती काय असते? छापील अहवाल आणि त्यातला शेवटचा आकडा.

या परिस्थितीला वेगळी दिशा दाखवली ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांनी. कर्नाटकात सरकारी समितीने इसवी सन २००० साठी विजेच्या गरजेचा अंदाज काढला होता. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पर्यायी आराखडा मांडला. सरकारी अंदाज जुन्या वाढीची रेघ पुढे ओढून काढलेला होता. रेड्डींनी सुरुवात केली ती माणसाच्या गरजेपासून. घरात उजेड किती हवा, शेताला पाणी किती हवे, ते देणारे उपकरण किती वीज खाते, यांची बेरीज करून त्यांनी मागणी काढली. ती सरकारी अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी भरली. या मांडणीचा पुण्यातल्या तरुण अभ्यासकांवर खोल परिणाम झाला. ही रीत महाराष्ट्राला लावायची, हे पुढच्या कामाचे सूत्र ठरले.

आणि तेवढ्यात दाभोळ आले.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने ८ डिसेंबर १९९३ रोजी केला. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा, दोन्ही टप्पे मिळून २,०१५ मेगावॅट. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. आयात वायूवरची महाग वीज अहोरात्र घ्यावी लागेल आणि त्यासाठी स्वस्त कोळशाचे संच मागे घ्यावे लागतील, असे बँकेचे म्हणणे होते. राजकीय सभांमधून या प्रकल्पावर भरपूर बोलले जात होते; पण कराराची कलमे आकड्यांत उलगडून सांगणारे फार थोडे होते. संत, दीक्षित आणि वागळे यांनी ते केले. १७ जून १९९५च्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांचा कराराच्या रचनेवरचा लेख आला आणि त्याच वर्षी प्रयासने एन्रॉन वादावर स्वतंत्र पुस्तिका काढली.

त्या विश्लेषणाचा गाभा समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी मॉडेल्स त्याच गणिताची मोठी भावंडे आहेत. विजेच्या दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार : प्रकल्पाचे भांडवल, व्याज, नफा, देखभाल. संच चालो वा न चालो, हा द्यावाच लागतो. दुसरा इंधनाचा, म्हणजे जेवढी वीज तेवढा खर्च. समजा, एका संचाचा स्थिर आकार दर मेगावॅटला वर्षाला दीड कोटी रुपये आहे आणि इंधनखर्च युनिटला अडीच रुपये. संच वर्षभर ८५ टक्के भाराने चालला तर एका मेगावॅटमागे सुमारे ७४ लाख ४६ हजार युनिटे मिळतात. स्थिर आकार युनिटला दोन रुपये पडतो आणि एकूण दर साडेचार रुपये होतो. तोच संच मागणीअभावी ३५ टक्केच चालला तर युनिटे ३० लाख ६६ हजारांवर येतात, स्थिर आकार युनिटमागे चार रुपये नव्वद पैशांवर चढतो आणि दर सात रुपये चाळीस पैशांच्या आसपास जातो. संच तोच, करार तोच, इंधनही तेच. फरक एवढाच की मागणीचा अंदाज चुकला. लग्नसराईपुरते लागणारे मंगल कार्यालय बारा महिन्यांच्या भाड्याने घ्यावे, तसा हा व्यवहार.

दाभोळच्या बाबतीत यात आणखी दोन अडचणी होत्या. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे होते, आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. रुपया घसरला की दर आपोआप चढणार. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून तो पुन्हा आणि अधिक मोठा, २,१८४ मेगावॅटचा, स्वीकारला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. मंडळ जसजशी वीज कमी उचलू लागले तसतसा दर चढत गेला, २००० साली काही महिन्यांत तो युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. हे घडणार असे गणित करून आधीच सांगितले गेले होते. अभ्यास वेळेत होता, लेखी होता, छापलेला होता. तो निर्णयाच्या टेबलावर पोचावा अशी व्यवस्था मात्र तेव्हा नव्हती.

केवळ ‘हा प्रकल्प नको’ म्हणून थांबणे या गटाला पटणारे नव्हते. प्रकल्प नको तर काय हवे, याचे उत्तरही आकड्यांतच द्यायला हवे होते. संत आणि दीक्षित यांनी महाराष्ट्रासाठी किमान खर्चाचे वीजनियोजन मांडले, तो अभ्यास जून २००० मध्ये ‘एनर्जी फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवा संच बांधणे आणि वीज वाचवणे यांना एकाच तराजूत तोलायचे, ही त्यामागची रीत. वाचवलेल्या युनिटचाही एक खर्च असतो; तो नव्या संचाच्या युनिटपेक्षा कमी असेल तर आधी वाचवावे. ऐकायला साधी गोष्ट आहे. पण आपल्या नियोजनाच्या संस्कृतीत मागणी हा दिलेला आकडा मानला जाई आणि चर्चा फक्त पुरवठ्याची होई. त्यामुळे हा विचार रुजवायला फार कष्ट पडले.

या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण पंख्याचे. समजा, एक कोटी घरांत ७५ वॅटचा जुना पंखा आहे आणि त्याऐवजी ३० वॅटचा पंखा बसवला. दर पंख्यामागे ४५ वॅट वाचले. हे सगळे पंखे उन्हाळ्याच्या रात्री एकाच वेळी चालू असतील तर मागणी ४५० मेगावॅटने उतरते. दिवसाला दहा तास आणि वर्षात अडीचशे दिवस धरले तर वर्षाला ११२ कोटी युनिटांहून जास्त बचत होते. त्यासाठी ना जमीन लागते, ना कोळशाची रेल्वे वाघीण, ना पुनर्वसनाचा प्रश्न येतो. अतिकार्यक्षम उपकरणांना कारखान्याच्या पातळीवरच प्रोत्साहन देण्याची कल्पना प्रयासने मांडली आणि पुढे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या कार्यक्रमातून ती बाराव्या पंचवार्षिक योजनेत आली. गिरीश संत यांचे २ फेब्रुवारी २०१२ रोजी अकाली निधन झाले. ते गेले तरी गटाचे काम विस्कळीत झाले नाही, याचे श्रेय त्यांनी घडवलेल्या सामूहिक कार्यपद्धतीला आहे.

मधल्या काळात, १९९९ मध्ये, महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि हिशेबाला एक जाहीर जागा मिळाली. जनसुनावणीत मंडळाला आपले आकडे मांडावे लागू लागले आणि कोणाही ग्राहकाला त्यांवर प्रश्न विचारता येऊ लागले. आयोगाने प्रयासला ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. सुरुवातीच्या सुनावण्यांतच एक महत्त्वाची गोष्ट बाहेर आली. कृषिपंपांना मीटर नसल्यामुळे शेतीचा वापर अंदाजाने लिहिला जाई आणि त्या अंदाजात वितरणाची गळती झाकली जाई. शेतीचा वापर नीट मोजायला घेतल्यावर गळती कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच मोठी निघाली. नियोजनाचे मॉडेल कितीही चांगले असो, त्यात घातलेली मूळ माहिती खोटी असेल तर निघणारे उत्तरही खोटेच. हा धडा गटाने मनावर घेतला आणि स्वतः मोजमाप सुरू केले. २००७ पासून वीजपुरवठ्याच्या दर्जाची पाहणी सुरू झाली. साध्या प्लगला लावायचे एक लहान यंत्र दर मिनिटाला विजेचा दाब नोंदवते आणि नोंद आपोआप पाठवते. अशी यंत्रे पुढे देशभर शेकडो घरांत, शेतांत, दुकानांत बसली. गावात चोवीस तास वीज आहे असे कागद म्हणतो, तेव्हा रात्री आठ ते दहा दाब किती होता हे या नोंदी सांगतात.

दरम्यान महाराष्ट्राचा प्रश्नच पालटला. २००५च्या सुमारास ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन होते. मग कोळशाच्या संचांचे करारांवर करार झाले आणि दहा वर्षांत राज्य कागदोपत्री अतिरिक्त विजेचे झाले. संच बंद ठेवून स्थिर आकार भरत राहायची वेळ आली. २०१७ मध्ये प्रयासने ‘द प्राइस ऑफ प्लेंटी’ या अहवालात वेगवेगळ्या राज्यांतल्या या अतिरिक्त विजेची किंमत मांडली. टंचाई आणि अतिरेक ही दोन्ही टोके एकाच चुकीतून आली : मागणीचा चुकलेला अंदाज आणि तो तपासण्याची सोय नसणे.

सौर आणि पवन ऊर्जा स्वस्त झाल्यावर जुनी रीत आणखी अपुरी पडली. जुन्या मॉडेल्समध्ये वर्षभराचे तास उतरत्या क्रमाने लावून काम भागत असे. तास कोणत्या दिवसाचा, कोणत्या ऋतूचा याला महत्त्व नव्हते, कारण कोळशाचा संच हवा तेव्हा चालतो. सौर वीज दुपारी येते आणि संध्याकाळी जाते. वारा पावसाळ्यात जोरात असतो. आता तासांचा क्रम सोडून चालत नाही. दुपारी तीनला चालू असलेला कोळशाचा संच किती खाली उतरवता येईल, सातला तो पुन्हा किती वेगाने चढेल, बॅटरी किती तासांची लागेल, हे सगळे एकाच गणितात धरावे लागते. त्यासाठी गटाने ‘ग्रिडपाथ’ हे खुले सॉफ्टवेअर हाती घेतले. अमेरिकेतल्या अ‍ॅना मिलेव्हा यांच्या ब्लू मार्बल अ‍ॅनालिटिक्सने ते विकसित केले आहे. महाराष्ट्राच्या वीजव्यवस्थेचा २०३० पर्यंतचा अभ्यास गटाने त्यावर केला. यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कृषिपंपांचा भाग. पंपांचा भार रात्रीऐवजी दिवसा आणला तर सौर वीज जिथल्या तिथे वापरली जाते आणि शेतकऱ्यालाही रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जावे लागत नाही. शेतीच्या फीडरवरच सौर प्रकल्प जोडण्याचा आग्रह प्रयासने धरला होता. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली.

या साऱ्या अनुभवातून ‘रूमी’ जन्माला आले. कोथरूडच्या औद्योगिक वसाहतीत, जोशींच्या रेल्वे संग्रहालयाच्या गल्लीत, ऊर्जा गटाचे कार्यालय आहे. तिथे लिहिलेले हे ऊर्जाव्यवस्थेचे सॉफ्टवेअर खुल्या परवान्याने जगापुढे ठेवलेले आहे. ते पायथन भाषेत आहे. माहितीचे तक्ते साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, त्यामुळे कोणताही आकडा उघडून पाहता आणि बदलता येतो.

रूमीचे दोन भाग आहेत, मागणी आणि पुरवठा. मागणी काढायच्या चार वाटा त्यात ठेवल्या आहेत. पहिली रेड्डींची : सेवेपासून सुरुवात करून उपकरणे, त्यांची कार्यक्षमता, वापराचे तास असे वर चढत जायचे. दुसरी, सकल देशांतर्गत उत्पादन वाढले की वापर किती वाढतो त्यावरून. तिसरी, सगळे मोजून उरलेल्याचा हिस्सा. चौथी, बाहेरून थेट आकडा देण्याची. जिथे माहिती चांगली तिथे खोलात जायचे, जिथे नाही तिथे ढोबळ राहायचे, पण कुठे काय केले ते लिहून ठेवायचे. हा प्रामाणिकपणा सॉफ्टवेअरच्या रचनेतच बसवलेला आहे, हे मला फार आवडते. पुरवठ्याच्या बाजूला प्रत्येक इंधनाचा ताळा कोणत्या कालावधीत आणि किती मोठ्या प्रदेशात जुळवायचा, हे वापरणाऱ्याला ठरवता येते. कोळसा ढिगात ठेवता येतो, त्याचा ताळा वर्षाचा चालतो. विजेचा मात्र ऋतू आणि प्रहर धरून जुळवावा लागतो. सगळ्या अटी पाळून एकूण खर्च किमान करणारे उत्तर सॉल्व्हर हा गणिती प्रोग्रॅम शोधतो.

रूमीवर उभे केलेले भारताचे मॉडेल म्हणजे ‘पियर’. त्यातल्या घरगुती मागणीची रचना पाहण्यासारखी आहे. देशाची सरासरी घेऊन ते थांबत नाही. राज्य वेगळे, शहर आणि खेडे वेगळे, आणि त्यातही खर्चाच्या ऐपतीनुसार घरांचे पाच स्तर. सर्वांत वरच्या स्तरातल्या घरात वातानुकूलन यंत्र येते तेव्हा सर्वांत खालच्या घरात काय असते, हा प्रश्न या मॉडेलला विचारता येतो. स्वयंपाकाच्या चुलीतला लाकूडफाटाही त्यात मोजला जातो, कारण देशातल्या कोट्यवधी बायकांच्या दृष्टीने ऊर्जेचा प्रश्न म्हणजे आधी तोच. वीजनियोजनाच्या जुन्या पॅकेजांमध्ये चुलीला जागा नव्हती. माझ्या मते रूमी आणि पियर यांचे मोठेपण तांत्रिक सफाईइतकेच, किंबहुना जास्त, या निवडीत आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. किमान खर्चाचे मॉडेल गृहीत धरते की निर्णय घेणारा एकच आहे आणि त्याला पुढचे सगळे माहीत आहे. प्रत्यक्षात केंद्र, राज्य, नियामक आयोग, खासगी कंपन्या, बँका असे अनेक निर्णयकर्ते असतात आणि बॅटरीचा उद्याचा भाव कोणालाच ठाऊक नसतो. विस्थापनाची, राखेची, धुराची किंमत रुपयांत पुरती बसत नाही. म्हणून गट एक उत्तर देऊन थांबत नाही, गृहीतके बदलून निरनिराळी चित्रे मांडतो. मॉडेलला भविष्यवाणी समजणाऱ्यांना हे अपुरे वाटते. मला तीच योग्य रीत वाटते.

१९९५ मध्ये कराराची कलमे सामान्य वाचकाला उलगडून सांगणाऱ्या गटाने पुढे आपले स्वतःचे मॉडेलही तेवढ्याच उघडेपणाने लोकांपुढे ठेवले. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेब दडवू नये, ही शिस्त संस्थेने पाळली आहे.

आता काम आहे ते आपले. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी विद्युत शाखेचे हजारो विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतात. रूमी आणि ग्रिडपाथ विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि आयोगापुढच्या याचिका सर्वांना वाचायला खुल्या आहेत. प्राध्यापकांना विनंती आहे की विद्यार्थ्यांना आपल्या जिल्ह्याचे पंप, पंखे, चुली आणि कारखाने मोजायला लावा, त्या आकड्यांवर मॉडेल चालवा आणि पुढच्या जनसुनावणीत ते घेऊन या. प्रयासच्या आकड्यांत चूक सापडली तर तीही कळवा. सॉफ्टवेअर खुले ठेवले आहे ते त्यासाठीच.